उजेड धरणारे

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या झाडीत रात्रीचा शेवटचा प्रहर जागा होतो. मोहाला फूल आलेलं असतं, आणि मोहाचं फूल कुणी तोडत नाही. ते रात्रभर आपणहून गळतं. पहाटे झाडाखाली मळकट पिवळा सडा पडलेला असतो आणि त्याचा गोड, जरासा आंबूस वास शिवारभर पसरलेला असतो. उन्हं चढली की फूल मलूल होतं. शिवाय त्यावर डोळा ठेवून असणारे पुष्कळ: चितळं, वानरं, गावातल्या शेळ्या, आणि या सगळ्यांच्या आधी येऊन गेलेलं अस्वल. म्हणून माणसंही अंधारातच निघतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत या दिवसांत तीन-साडेतीनला दारं उघडतात, टोपल्या उचलल्या जातात, बॅटऱ्या लागतात. लांब रस्त्यावरून पाहणाऱ्याला माणूस दिसत नाही, टोपली दिसत नाही, झाडही दिसत नाही. जमिनीपासून दोन-अडीच हातांवर एक ठिपका दिसतो. तो सरकतो, थांबतो, खाली वाकतो, पुन्हा सरकतो.

मी रात्रीचे फोटो काढतो आणि त्यातही लाइट पेंटिंगचा मला ध्यास आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, शटर उघडायचं आणि उघडंच ठेवायचं. तीस सेकंदांपर्यंतचा वेळ बहुतेक कॅमेरे स्वतः मोजतात. त्यापुढं बल्ब मोडवर टाकून रिमोटचं बटण अडकवून ठेवायचं. मग दोन मिनिटं म्हणा, दहा मिनिटं म्हणा, आपली मर्जी. तेवढ्या वेळात त्या काळोखात जो उजेड हलेल तो सेन्सरवर साचत जातो. आपल्या डोळ्याला असं साचवता येत नाही. डोळ्यापुढं क्षण येतो आणि पुसला जातो. कॅमेरा पहिल्या सेकंदाचा उजेड शेवटच्या सेकंदापर्यंत जपून ठेवतो. हातात बॅटरी घेऊन तुम्ही चौकटीत शिरलात आणि बॅटरीचं तोंड कॅमेऱ्याकडं करून हवेत गोल काढलात, तर फोटोत गोल उमटतो. तुम्ही उमटत नाही. अंगावर गडद कपडे असले आणि पाय एका जागी थांबले नाहीत, तर दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर वावरूनही तुमचा मागमूस राहत नाही.

सुरुवातीला या अदृश्य होण्याचीच मोहिनी होती. आता त्याच गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. उजेड दिसतो, उजेड धरणारा दिसत नाही. या दोन जिल्ह्यांत राहून रात्रीचे फोटो काढणाऱ्याला हे वाक्य फार लांबवर घेऊन जातं.

छायाचित्रणाच्या जन्मापासून हे असंच चालत आलंय. लुई दागेरनं १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र वरच्या खिडकीतून टिपलं. भर दिवसा, वर्दळीचा रस्ता. पण प्लेटवर उजेड पुरेसा पडायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात गाड्या आणि माणसं आली आणि गेली, आणि रस्ता रिकामाच उमटला. राहिली एक आकृती. बुटाला पॉलिश करून घ्यायला एक पाय वर टेकवून उभा असलेला माणूस. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून आजही त्याच्याकडं बोट दाखवतात. त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणारा मात्र जेमतेम कळतो, धुरकट गोळा होऊन बसलेला. त्याचे हात चालू होते ना. उभा राहिलेला टिकला, राबणारा पुसट झाला. त्या चित्राची छपाई मी टेबलासमोर लावली आहे, आणि माझी नजर त्या उभ्या माणसाकडं न जाता दरवेळी खाली, त्या धुरकट गोळ्याकडं जाते.

हिवाळ्यात मी झाडांवर काम करतो. त्याला कारण आमचं हवामान. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर रेंगाळतो आणि मध्यरात्रीही दगड हाताला गरम लागतात. सेन्सर तापलेला असला की लांबलेल्या एक्स्पोजरमध्ये लाल-निळे ठिपके उमटतात, काळोखात नसलेली वाळू फोटोत भरते. पौषातल्या थंडीत तोच कॅमेरा चार-पाच मिनिटं शटर उघडं ठेवूनही काळोख काळाभोर ठेवतो. रात्री व्याघ्र प्रकल्पात जाता येत नाही आणि जाऊही नये, म्हणून मी गावकुसाजवळची, बांधावरची, ओळखीच्या माणसांच्या शेतातली झाडं निवडतो. सोबत कायम कुणीतरी गावचं असतं.

कांडोळाचं झाड हे माझं सगळ्यात आवडतं. कुणी त्याला कुलू म्हणतं, कुणी सरळ भुताचं झाड म्हणतं. साल गुळगुळीत, पांढरट, मधूनमधून गुलाबी झाक असलेली, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. हिवाळा संपता संपता पानं झडून जातात आणि नुसता गोरा सांगाडा उभा राहतो. त्याला उजेड अगदी थोडा लागतो. बॅटरीचा एक हलका फेर बुंध्यावरून वर नेला की पुरे; दुसरा फेर मारलात तर झाड चुन्यानं सारवल्यासारखं भगभगीत होतं. शेजारीच ऐनाचं झाड असलं तर त्याची तऱ्हा उलटी. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनाचौकोनांत भेगाळलेली आणि काळपट. ती उजेड गिळते. तिथं बॅटरी घेऊन खोडाच्या बाजूला जायचं, अगदी सालीला लगटून उजेड आडवा सोडायचा आणि पायथ्यापासून वरपर्यंत सावकाश चढवायचा. मग प्रत्येक भेग आपली सावली टाकते आणि झाडाला वय येतं. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून समोरून उजेड मारला तर दोन्ही झाडं सपाट दिसतात, सरकारी पाटीवरच्या चित्रासारखी. उजेड कुठून येतो यावर सगळं अवलंबून आहे. बॅटरीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची नळी लावतो, म्हणजे बल्ब थेट भिंगाकडं डोकावत नाही. दोन झाडांमध्ये जाताना बॅटरी पोटाशी धरून तळहातानं झाकतो. शटर उघडं असतं, आणि आपण काळोखात, काळोखाच्या रंगाचे कपडे घालून, हळूहळू पाय टाकत असतो. सागाची वाळलेली पानं इतकी मोठ्यानं वाजतात की आपल्या असण्याचा तेवढाच पुरावा उरतो.

एक गोष्ट इथं निक्षून सांगतो. लाइट पेंटिंगमध्ये स्टीलवूल जाळून दोरीला बांधून गरगर फिरवायची पद्धत आहे. ठिणग्यांचं कारंजं उडतं, फोटो झगमगीत येतो, आणि ती शिकायला वेळ लागत नाही म्हणून नवी मुलं तिकडंच धावतात. आमच्या जंगलात हे करू नये. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. त्या काळात सागाच्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याच्या सवयीनं आधीच किती जंगल होरपळतं, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. फोटोसाठी त्यात भर घालणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणायला तयार नाही. नदीच्या ओल्या वाळूतसुद्धा नको. वारा कुठं घेऊन जाईल ते आपल्या हातात नसतं.

चंद्रपूर शहराच्या बाहेर, ताडोब्याच्या बाजूला कॅमेरा लावला की क्षितिजावर तांबूस-पिवळी झळाळी येते. ती औष्णिक वीज केंद्राची, शहराची आणि खाणींची. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चिमण्यांवरचे लाल दिवे लांब एक्स्पोजरमध्ये स्थिर ठिपके म्हणून येतात आणि त्यांच्यावर धूर कापसाच्या पेळूसारखा ताणला जातो. खाणीतून कोळसा नेणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांच्या रेघा रस्त्याच्या वळणांना धरून वाहतात, एकदिशी पांढऱ्या, एकदिशी लाल. चित्र देखणं येतं. पण या चित्रातला मोठा भाग चौकटीबाहेर आहे. १९९९ पासून चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत एक वाहिनी जाते, ७५२ किलोमीटर लांब, ५०० किलोव्होल्टच्या एकदिश प्रवाहाची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. पडघं ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या दाराशी. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या माळेचा फोटो आजवर हजारोंनी काढला असेल, तोही लांब एक्स्पोजरमध्ये, पाणी मखमली करून. त्या माळेत आमचा कोळसा किती आणि दुसऱ्या कुठला किती हे कुणाला वेगळं काढता येणार नाही. पण आमच्याकडं घराच्या ओट्यावर सकाळी बोट फिरवलं की काळं होतं, एवढं खरं. राखेनं भरलेले ट्रक, दुर्गापूरच्या खाणीच्या काठावर उभे राहिलेले मातीचे डोंगर, रात्रपाळीला निघालेला कामगार, कोळशाची धूळ खोकणारा म्हातारा: हे सगळे त्या माळेचे धारक आहेत. दिवा सातशे किलोमीटरांवर दिसतो आणि धरणारे हात इथं असतात. माझ्या मनात एक फोटो कितीतरी दिवसांपासून आहे, ज्यात दोन्ही टोकं एका चौकटीत येतील. तो कॅमेऱ्यानं काढता येण्यासारखा नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

आकाशाकडं तोंड केलं की मन जरा मोकळं होतं. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला, जिथं इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात, तिथला काळोख अजून काळोख आहे. कॅमेरा उत्तरेला रोखून शटर उघडं ठेवलं की तारे वर्तुळं काढू लागतात. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते, त्यामुळं तासाभरात प्रत्येक तारा तेवढी कमान ओढतो. मधोमध ध्रुव. आमच्या जिल्ह्यांत तो क्षितिजापासून २० अंशांच्या आत-बाहेर असतो, म्हणजे हात पुढं ताणून एकावर एक दोन मुठी ठेवल्या तर वरच्या मुठीच्या माथ्याशी. हिमालयात फोटो काढणाऱ्यांची वर्तुळं उंच टांगलेली असतात, आमची झाडांच्या शेंड्यांत अडकतात, आणि मला ती तशीच प्रिय आहेत. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथं आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करणारे बसवले. रस्ता दिसतो आणि तारेही दिसतात. गावाला अंधारात ठेवून काळोख राखायचा नाही, दिव्याचं तोंड वळवायचं; हा विचार मला फार पटला. आमच्याकडं ज्या गावांत वीज उशिरा पोहोचली त्यांना काळोखाचं कौतुक सांगायला कुणाची जीभ रेटेल?

याच आकाशानं एकदा स्वतःच रेघ ओढली होती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला पेटत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सावकाश सरकत गेली. उल्केपेक्षा हळू, विमानापेक्षा मोठी, मागं लांब शेपट्या. नागपूरपासून खानदेशापर्यंत लोक अंगणात, गच्चीवर, चौकात उभे राहून ती पाहत होते. कुणी नमस्कार केला, कुणी पोरांना आत ओढलं, जवळजवळ सगळ्यांनी मोबाइल वर धरला. आणि मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, मोकळ्या जागेत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. सुमारे तीन मीटर व्यासाचं, अजून गरम. तालुक्यात धातूचा गोळाही सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या चांग चेंग ३बी अग्निबाणाचा तो वरचा टप्पा असावा, असं अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं. वर्षभराहून अधिक काळ तो पृथ्वीभोवती फिरत होता आणि पाडव्याच्या दिवशी आमच्या तालुक्यात उतरला. नशीब, कुणाच्या अंगावर नाही.

त्या रात्रीचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. आकाशात ती रेघ जिथं कुठं दिसली तिथं ती एक देखावा होती. लाडबोरीत तिला वजन होतं. दुसऱ्या दिवशी गर्दी झाली, पोलीस आले, पंचनामा झाला, आणि ज्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ते कडं पडलं त्यांनी ते पुन्हा पुन्हा हातांनी मापून दाखवलं. आकाशातली कुठलीही लखलखीत रेघ पाहताना आता मला पहिल्यांदा तिचं खालचं टोक कुठं टेकलं असेल हे शोधावंसं वाटतं.

पावसाआधीच्या काजव्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथल्या काजव्यांच्या चित्रांत बहुतेक वेळा पुष्कळ एक्स्पोजर एकावर एक रचलेली असतात. एका क्षणी झाडावर तेवढे काजवे नसतात. त्यात खोटं काही नाही, वेळ साठवला आहे एवढंच. आमच्याकडंही मृगाच्या आसपास ओढ्याकाठी काजवे लागतात. मी त्यांच्यापाशी बॅटरी लावत नाही. नर-मादीची खूण त्या लुकलुकण्यावर चालते आणि आपल्या उजेडानं ती मोडते.

आणि कार्तिकातली जागल. धान पिवळं पडत आलं की सिंदेवाही, मूल, नागभीडकडची माणसं रानडुकरांपासून पीक राखायला मचाणीवर झोपतात. झोपतात म्हणायचं नुसतं. रात्रभर कुणीतरी डबा वाजवतं, हाळी देतं, बॅटरीचा झोत बांध्यांवरून फिरवतं. दुरून शटर उघडं ठेवलं तर प्रत्येक मचाणीवरून उजेडाचा पंखा उघडलेला दिसतो, आणि शेजारशेजारचे पंखे एकमेकांत अडकतात. आपापलं धान राखताना सगळं शिवार राखलं जात असतं.

पण मी परत मोहाखाली येतो, कारण हे सगळं मला तिथंच उलगडलं.

माझ्या ओळखीच्या एका घराची मोहाची झाडं गावालगत शेताच्या बांधावर आहेत. आमच्याकडं मोहाची झाडं पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेली असतात. कुणाचं कुठलं हे कागदावर नसलं तरी गावाला पाठ असतं. या घरच्या काकू साठीच्या पुढच्या. त्यांच्या कपाळाला पट्ट्याची बॅटरी. मी विचारून, झाडापासून बऱ्याच अंतरावर तिपाई लावली आणि त्यांचं काम चालू असताना शटर काही मिनिटं उघडं ठेवलं. माझी बॅटरी बंद, फक्त त्यांचीच चालू. पडद्यावर जे आलं ते मी आजवर हवेत काढलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा श्रीमंत होतं. जमिनीलगत पांढऱ्या रेघांची एक गुंतवळ, झाडाच्या घेराएवढी. जवळून पाहिलं तर त्यात रीत होती. जिथं काकू नुसत्या चालल्या तिथं रेघ केसासारखी बारीक. जिथं फूल दाट होतं तिथं त्या वाकून थांबल्या, मान फुलागणिक इंच इंच सरकली, आणि उजेड साचून गाठ झाली. हात किती वेळ कुठं होता हे त्या रेघेच्या जाडीत लिहिलेलं होतं.

शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं कामगारांच्या बोटांना छोटे विजेचे दिवे बांधून असेच फोटो काढले होते. काम करताना हात कसा फिरतो, कुठं फुकट वळतो, हे त्या रेघांवरून ताडायचं आणि हालचाल छाटायची. त्यांनी त्या रेघांच्या तारेच्या प्रतिकृतीही बनवल्या. त्याआधी १८८९ मध्ये फ्रान्समध्ये मारे आणि देमनी यांनी माणसाच्या सांध्यांना दिवे लावून त्याची चाल टिपली होती. म्हणजे ही कला जन्माला आली तीच राबणाऱ्या, चालणाऱ्या देहाच्या अभ्यासातून. चित्रकार तिच्याकडं नंतर आले. पण काकूंच्या रेघेत छाटण्यासारखं मला काही सापडलं नाही. एकही फेरा वाया गेलेला नव्हता. कपाळावरची बॅटरी, कमरेत वाकलेलं अंग आणि दोन्ही हात यांचं जमलेलं गणित पन्नासेक हंगामांत मुरलेलं होतं.

मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला. त्यांनी पदरानं कपाळाचा घाम पुसला, वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“बॅटरी तं दिसते भाऊ. यात मी कोठी आहो?”

मी समजावलं, तुम्ही हलत होता म्हणून. त्यांना ते पटलं नाही, आणि ते पटू नये असंच मलाही वाटलं.

१९४९ मध्ये ज्योन मिली या छायाचित्रकारानं दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस गावी जाऊन पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला. पिकासोनं अंधाऱ्या खोलीत हवेत चित्रं काढली, आणि ते फोटो ‘लाइफ’ मासिकामुळं जगभर गेले. त्या फोटोंत पिकासो दिसतो, डोळे रोखलेला, हात उगारलेला, कारण मिलीनं त्याच एक्स्पोजरमध्ये क्षणभर फ्लॅश मारून त्याला धरून ठेवलं. रेघही राहिली, रेघ काढणाराही राहिला. करायला हे अवघड नाही. शटर उघडं असताना एकच झटका, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, आणि त्या क्षणी अंग जसं असेल तसं ते कोरलं जातं.

पुढच्या पहाटे काकूंना सांगून मी तेच केलं. फ्लॅशवर गेरू रंगाचा कागद लावला, उजेड दिवट्यासारखा कोमट व्हावा म्हणून. तो बाजूनं, झाडाच्या उंचीवरून टाकला, म्हणजे डोळ्यांवर येणार नाही. त्या वाकलेल्या असताना एकदाच. आता गुंतवळीच्या मधोमध त्या होत्या. डाव्या हातात टोपलीचा काठ, उजव्या हाताची बोटं चार-पाच फुलांवर मिटत आलेली, पायांत निळी स्लीपर, टाचेच्या भेगांत माती. पाठीमागं कालच्यासारख्याच रेघा, पण आता त्या कुणाच्या तरी होत्या.

या वेळी काकूंनी पडदा बराच वेळ निरखला. स्वतःकडं त्यांनी फार पाहिलं नाही. बोटानं सगळ्यांत जाड गाठ दाखवून म्हणाल्या, “ही त्या खालच्या फांदीची. तिले फूल जास्त लागते.” मग फोटोच्या उजव्या कडेला असलेल्या दुसऱ्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो कालच्याही फोटोत होता, रेघ न होता एका जागी जळणारा. “आन्‌ हे आमची सून.”

सून फुलं वेचत नव्हती. ती झाडापासून दहा-बारा पावलांवर, सासूकडं पाठ करून, जंगलाच्या बाजूला बॅटरी रोखून उभी होती. मधूनच खाकरायची, काठी दगडावर आपटायची. मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणूस गेल्याच्या बातम्या चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी येतात. वनखातं दवंडी देतं, एकट्यानं जाऊ नका, उजाडायच्या आत जाऊ नका. फूल उजाडायच्या आतच पदरात पडतं, म्हणून घराघरानं आपली सोय लावलेली असते. एक वेचतो, एक राखतो. ती इतकी निश्चल उभी होती की फ्लॅश पोहोचत नसतानाही, झुडपांवरून परतलेल्या तिच्याच बॅटरीच्या उजेडात, तिच्या खांद्यांची आणि वेणीची कड फोटोत पुरेपूर उतरली होती.

“तिचाई काढ मंग,” काकू म्हणाल्या, “तिच्या बिगर म्या वेचलंच नसतं.”

मी चौकट रुंद केली, तिपाई डावीकडं सरकवली, दुसरा फ्लॅश सुनेच्या बाजूला एका पळसाच्या बुंध्याशी बांधला आणि तिला सांगून ठेवलं, उजेड पडेल, दचकू नका. ती हसली, पण वळली नाही. तिची नजर जंगलावरच होती.